भिंतीतली हॉटलाइन

चीन आणि अमेरिका यांच्यात उद्या काय होणार, हे पृथ्वीच्या पाठीवर फक्त तीन माणसांना ठाऊक असतं. पहिले दोघं आपापल्या देशाच्या सर्वांत उंच खुर्चीवर बसतात आणि तिसरे बेळगावच्या वडगावात, सुताच्या रिकाम्या पेटीवर. हे तिसरे म्हणजे माझ्या बायकोचे थोरले मामा. पहिल्या दोघांना सल्लागार असतात, उपग्रह असतात, समुद्राखाली पाणबुड्या असतात. मामांकडे दोन वर्तमानपत्रं, एक मोबाईल आणि डाव्या कानात थोडीफार शिल्लक राहिलेली ऐकण्याची शक्ती आहे. तरी अंदाज मामांचेच खरे ठरतात. निदान मामा तसं म्हणतात, आणि त्यांना खोटं पाडायची छाती आमच्या नात्यात कुणाची नाही. मी खासबागेतल्या एका सकाळच्या शाळेत भूगोल शिकवतो. बीजिंग नकाशावर कुठे आहे ते मला डोळे मिटून दाखवता येईल; पण बीजिंगच्या मनात काय आहे हे विचारायला मला दर बुधवारी मामांकडेच जावं लागतं.

जावं लागतं म्हणजे बायको पाठवते. मामींसाठी लोणचं, मामांसाठी गुडघ्याचं तेल, असं काहीतरी हातात देऊन ती मला स्कूटरवर बसवते आणि स्वतः मात्र दारातनंच परत फिरते. "मला त्या घरात दुपारचं बसवत नाही," म्हणते. लहानपणी मे महिन्याच्या सगळ्या सुट्ट्या त्याच घरात काढलेली बाई ही! मी तिला हसायचो. खोटं कशाला बोलू, दोन-चार बुधवार तिथे काढल्यावर माझंही हसू जरा कमीच झालं.

मामांची आणि माझी पहिली भेट साखरपुड्याच्या दिवशीची. पानात वरणभात वाढलेला, मामी तुपाची वाटी घेऊन उभ्या. एरवी वडगावात माणसं ओरडूनच बोलतात. घराघरात यंत्रमाग, त्या खडखडाटात साधं 'ये' म्हणायचं तरी अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणावं लागतं. मामा मात्र माझ्या कानाशी वाकून अगदी हळू म्हणाले, "जावईबापू, तिकडनं निघालं की हितं पोचाय किती वेळ लागतोय, सांगा बघू?" मला वाटलं, निपाणीच्या पाहुण्यांचं विचारताहेत. "तास-दीड तास," मी म्हणालो. "अर्धा तास," मामा म्हणाले. "क्षेपणास्त्र. निम्म्या जगाला वळसा घालून अर्धा तास. तुमचं वरण निवायच्या आत समदं आटपलेलं असतंय." एवढं सांगून त्यांनी माझ्या भातावर स्वतःच्या हातानं तूप घातलं. त्या दिवशी मी गरम वरण एका दमात गिळलं आणि जीभ भाजून घेतली. मामा हळू आवाजात बोलू लागले की मामी हातातलं काम टाकून देवापुढे उदबत्ती लावायला का उठतात, तेही त्याच दिवशी समजलं.

घराचा सगळा कारभार मामा अण्वस्त्रांच्या नियमांनी चालवतात. चीननं म्हणे जगाला शब्द दिलाय की पहिला वार आम्ही करणार नाही. मामांना हे तत्त्व इतकं पटलं की त्यांनी ते उंदरांनासुद्धा लागू केलं. मागाच्या खोलीत उंदीर झाले, मामींनी औषध आणून ठेवलं, तर मामा ती पुडी कनवटीला लावून बसले. "त्येनी आजवर आपलं काय कुरतडलंय का? न्हाय न्हवं? मग पहिला वार आपला नको." मामी म्हणाल्या, "ते काय नोटीस पाठवून कुरतडणार हाईत व्हय?" पण मामांनी दाद दिली नाही, आणि उंदीर त्या घरात सुखानं नांदले.

आता मुख्य गोष्ट सांगायला हवी. मामांना एक सख्खा धाकटा भाऊ आहे, माझ्या बायकोचे धाकटे मामा, आणि या दोघांनी अकरा वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेला नव्हता. राहायला एकाच घरात, मध्ये एक वीट रुंदीची भिंत. आईच्या पश्चात वाटणी झाली. घरात सहा माग होते. थोरल्यांना दोन मुलगे, धाकट्यांना मूलबाळ नाही, म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांनी चार माग थोरल्यांना दिले आणि दोन धाकट्यांना. धाकटे त्यावर काहीच बोलले नाहीत, आणि थोरल्यांना राग आला तो नेमका याचाच. "भांडला असता तर एक दिला असता की रं त्येला," असं ते मला कितीदा तरी म्हणालेत. पुढच्या आठवड्यात मागाच्या खोलीच्या मधोमध भिंत उभी राहिली. विटा कुणी मागवल्या, यावर दोन्ही बाजूंचं म्हणणं वेगवेगळं आहे.

दोघांनाही जगाच्या राजकारणाचा नाद वडिलांच्या रेडिओपासूनचा. त्यामुळे भिंतीच्या दोन्ही अंगांना तीच बातमी वाचली जायची आणि तिचा अर्थ मात्र दोन लावले जायचे. मामा मला समजावून सांगत: "अमेरिकेकडं लई हाईत, चीनकडं कमी. अमेरिका म्हणत्या, ये, बस, दोघं मिळून मोजूया. चीन म्हणतोय, आधी तू कमी कर, मग बसतो." मी आपला भाबडेपणानं म्हणालो, "म्हणजे धाकटे मामा चीन, असंच ना?" मामांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्या चारांतला एक माग चोरला होता. "चीन मी! पहिला वार करायचा न्हाय ही शपथ कुणाची? चीनची. अकरा वर्षं पहिला शब्द कुणी टाकला न्हाय? मी!" मी गल्लीतून वळसा घालून धाकट्या मामांकडे गेलो. फार मवाळ माणूस. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, एकटेच राहायचे, चहा स्वतः करायचे. त्यांना विचारलं, तर ते हसत म्हणाले, "चीन मीच की. चार माग त्येच्याकडं हाईत, त्यो अमेरिका. मी काय पहिला शब्द टाकणार न्हाय बघा." घ्या! भिंतीच्या दोन्ही बाजूंना चीन. अमेरिका व्हायला कुणीच तयार नाही, तर बोलणी व्हायची कशी?

आमच्या लग्नात तर कहर झाला. लग्न निपाणीला. नवरीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि इथे मामा दोन. कुणीही माघार घेतली नाही. दोघंही आले, एक उजवीकडे, एक डावीकडे. नवरीचा एकेक हात धरलेला, तोंडं दोन दिशांना. एकानं पाऊल टाकलं की दुसरा थांबायचा, कारण त्याच्या पावलाला आपण पाऊल देतोय असं दिसायला नको. मध्ये माझी बायको, शालूत घामाघूम. अंतरपाटाच्या वरून मी पाहत होतो. पुढे कधीतरी मामांनी तैवानचा प्रश्न समजावून सांगितला, दोघंही त्याच्यावरून डोळे वटारतात पण हात कुणी सोडत नाही म्हणाले, तेव्हा बायको म्हणाली, "मला नका सांगू मामा, मी चालून आलेय तिथनं."

बोलणं नसलं तरी पाळत होतीच. मामा रोज सकाळी स्टीलचा पेला भिंतीला लावून त्याला आपला बरा कान लावत आणि पलीकडचे माग ऐकत. दोन चालू, एक चालू, आडवं सूत नेणारा धोटा अडकतोय, पट्टा ढिला आहे, सगळं त्यांना कळे, आणि ते कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहून ठेवत. "तपासणीशिवाय करार नसतोय," म्हणायचे. एकदा धाकट्या मामांनी परसात खड्डे खणायला घेतले. त्याच सुमारास चीननं वाळवंटात क्षेपणास्त्रांसाठी शेकड्यांनी खड्डे खणल्याचे फोटो उपग्रहानं काढल्याची बातमी मामांनी वाचलेली. झालं! मामा तीन दिवस गच्चीवर, डोक्यावर ओला टॉवेल. चौथ्या दिवशी त्या खड्ड्यांत केळीचे कोंब लागले, तेव्हा कुठे खाली उतरले. "वरनं केळीच दिसत्यात," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा सूर काही पूर्ण समाधानाचा नव्हता.

खरी बोलणी चालायची ती परसातल्या बुटक्या कुंपणावरून. रोज दुपारी मामी एक झाकलेली वाटी पलीकडे ठेवायच्या. कधी आमटी, कधी झुणका. संध्याकाळी वाटी परत यायची, आणि भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून तिच्यात काहीतरी असायचं: गुळाचा खडा, कढीपत्ता, दोन लिंबं. मामा हे बघतच नसत. फक्त रात्री जेवताना सहज विचारत, "लिंबू कुठलं गं?" आणि लिंबू नसेल त्या दिवशी त्यांचं जेवणात लक्ष नसे.

आणि एक तांबडा दिवा होता. मागाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, म्हणून त्यांच्या वडिलांनी खोलीच्या दोन टोकांना दोन तांबडे दिवे लावले होते. या टोकाचं बटण दाबलं की त्या टोकाचा लागायचा आणि तिकडचं दाबलं की इकडचा. सूत तुटलं, चहा झाला, पाहुणा आला, सगळं दिव्यानंच कळवायचं. पुढे भिंत आली आणि तार भिंतीत गेली. ती कुणीच काढली नाही. मामा तिला हॉटलाइन म्हणत. रोज दुपारी चार वाजता उठायचं, बटण एकदा दाबायचं आणि पेटीवर येऊन बसायचं. पलीकडे दिवा लागला की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता, आणि त्यांच्या बाजूचा दिवा अकरा वर्षांत एकदाही लागला नव्हता. तरी दर खंडेनवमीला, मागांची पूजा झाली की, मामा तो न वापरलेला दिवा काढून नवा बसवत, वर हळदकुंकू लावत. मी एकदा म्हणालो, "मामा, ते उत्तर देत नाहीत, मग कशाला?" ते म्हणाले, "चीन फोन उचलत न्हाय म्हणून अमेरिका वरडत्या, वाचलं न्हवं? उचलत न्हाय म्हणाय तरी तार लागत्याच की, जावईबापू. तारच नसली तर काय म्हणणार?"

त्या खोलीत बसणं म्हणजे काय, ते मात्र सांगून कळायचं नाही. मुलं पुण्याला गेली तसे मामांचे चारही माग बंद पडले. त्यांच्यावर जुनी लुगडी पांघरलेली. खिडकीवर धूळ, आत भर दुपारी अंधुक. आढ्याला कापसाच्या भुऱ्याची जाळी लोंबतात, हातहातभर लांब. आपल्या बाजूला काही म्हणजे काही चालू नाही, वारा नाही, आणि तरी ती जाळी हलत असतात. खट्-खटाक, खट्-खटाक. पलीकडच्या मागाच्या ठेक्यावर. भिंतीला हात लावला तर ठेका हातातून दंडापर्यंत येतो. एका बुधवारी मी बघत होतो, मामांचा गुडघा त्याच ठेक्यावर हलत होता, त्यांच्या नकळत. आणि गल्लीतली लाईट गेली की याहून वाईट. सगळ्या वडगावाचे माग एका क्षणात थांबतात. कान इतके रिकामे होतात की स्वतःचं रक्त ऐकू येतं. अशा वेळी मामा छताकडे बघत हळूच म्हणायचे, "असंच हुईल बघा शेवटी. आवाज मोठा येणार न्हाय. आवाज बंद हुईल." मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. शाळेत पोरांना तसं सांगतोसुद्धा. पण त्या शांततेत मी त्या दिव्याकडे पाठ करून कधी बसलो नाही.

त्या बुधवारी मामी निपाणीला माहेरी गेलेल्या, भावाच्या घरी बारसं होतं. बायकोनं मामांसाठी डबा दिला होता. मी पोचलो तेव्हा तीन वाजले असतील. मामा खुशीत होते, कारण बातमी वाईट होती: अण्वस्त्रांवरची बोलणी पुन्हा अडली होती, तेही मामा म्हणाले होते तशीच. जेवता जेवता ते मला सांगत होते की यंत्राच्या हाती बटण द्यायचं नाही, माणसाच्याच हाती ठेवायचं, एवढं तरी दोघांनी मान्य केलंय, आणि इतक्यात लाईट गेली. आमचा पंखा थांबला. मागोमाग गल्ली थांबली, भिंतीपलीकडचा ठेका थांबला, आढ्याची जाळी थांबली. मामांचा घास हातात राहिला. आणि भिंतीवरचा तांबडा दिवा लागला.

देवाशपथ सांगतो, लागला. लखलखीत नाही. विझत आलेल्या निखाऱ्यावर फुंकर मारावी तेवढाच, पाच-सहा सेकंद. मग गेला. सगळ्या वडगावात लाईट नव्हती.

"मामा!" मी ओरडलो. "लागला! तुमचा दिवा लागला!"

मामा उठले नाहीत. "थांबा," म्हणाले. "एका इशाऱ्यावर हलायचं न्हाय."

"अहो, अकरा वर्षं वाट बघताय ना?"

"म्हणूनच. वाट बघणाऱ्याला नको ते दिसतंय. जावईबापू, चंद्र उगवला तरी तिकडची यंत्रं बोंबलत्यात, क्षेपणास्त्र आलं म्हणून. त्या वक्ताला कुणीतरी खुर्चीवर गप बसून ऱ्हायलं, म्हणून तुमी-आमी जित्ते हाओत. दुसरी खात्री पायजे." आणि मग, अगदी लहान आवाजात: "लाईट न्हाय. लाईट नसताना त्यो लावंल कसा? आन् मी धावत गेलो, आन् त्यो म्हणाला, मी कुठं बोलीवलं?"

हे शेवटचं त्यांचं खरं कारण होतं. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं आणि मी एकट्यानं उठून जायला हवं होतं. पण मीही उठलो नाही. मी त्या दिव्याकडे बघत बसलो, मामा भिंतीकडे. हात खरकटे, दोघांचेही. घड्याळात वीस मिनिटं गेली.

मग लाईट आली. बटणं चालूच राहिलेली, त्यामुळे गल्ली एकदम खडखडली, आणि भिंतीपलीकडचा मागही सुरू झाला. मी म्हणालो, "बघा, चालू आहेत ते." मामांनी पेला भिंतीला लावला. ऐकता ऐकता त्यांचे डोळे मोठे झाले. "रिकामा चाललाय," म्हणाले. "कांडीतलं सूत संपलंय. नुस्ता धोटा पळतोय, सूत न्हाय. आन् कोण थांबवंना." मला काही फरक ऐकू आला नाही, मला तो आवाज मघासारखाच वाटला. पण सूत नसलेला माग चालू ठेवील असा विणकर वडगावात जन्मला नाही, एवढं मलाही माहीत होतं. मामांनी पेला टाकला आणि अनवाणी पळाले. त्र्याहत्तर वर्षांचा, गुडघे गेलेला माणूस. मी स्कूटरची किल्ली शोधेपर्यंत ते गल्लीचं वळण ओलांडून गेलेसुद्धा.

दार आतून बंद होतं. मामा दोन्ही हातांनी दारावर थापा मारत ओरडत होते, "बारक्या! ए बारक्या! दार उघड रं! मी हाय, मी!" अकरा वर्षांनंतरचा पहिला शब्द हा. आणि सगळ्या गल्लीत माग चालू, त्यामुळे शेजारच्या दारात सूत उकलत बसलेल्या बाईलासुद्धा तो ऐकू गेला नाही. ऐकला तो मी एकट्यानं. मग मी उलटा धावत मामांच्या परसात आलो, बुटक्या कुंपणावरून उडी मारताना पँट फाडून घेतली, केळीत पडलो आणि परसातल्या दारानं आत शिरलो. धाकटे मामा मागाजवळ आडवे पडले होते. अर्धं अंग गेलेलं. डोळे उघडे होते आणि भिंतीकडे लागलेले. दिव्याचं बटण खोलीच्या दुसऱ्या टोकाला, दारापाशी होतं. त्यांच्यापासून दहा हात तरी लांब.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. हात-पाय थोडे येतील. वाचा मात्र गेली. "जरा आधी आणलं असतं तर..." असं काहीतरी म्हणून त्यांनी पुढचं तोंडातच ठेवलं. मामा बाकावर बसले होते, पायाला गल्लीचा चिखल तसाच. म्हणाले, "वीस मिनिटं." मी म्हणालो, "मामा, मीही तिथंच होतो." ते म्हणाले, "तुमी न्हाय. तुमाला काय ठावं? वीस मिनिटं मी हिशेब करत बसलतो, त्येच्या दारात माझी अब्रू जाईल का ऱ्हाईल." आणि ते रडले. मोठ्या माणसाचं रडणं मी पाहिलेलं आहे, पण तसं नाही. मला त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा होता आणि माझी हिंमत झाली नाही.

पंधरा दिवसांनी मामींनी हट्ट धरला की भिंतीत दार पाडायचं. गवंडी आला, त्याच्याबरोबर वायरमनही, जुनी तार बाजूला करायला. प्लास्टर उकरून वायरमननं तार ओढली तर तिचे दोन तुकडे हातात आले. "ही तुटल्या री," तो म्हणाला. "उंदरानी खाल्ल्या. गंज बघा की, दहा-अकरा वर्षं तरी झाली असतील. हिच्यातनं करंट जायाचं नावच नको." मी पलीकडे गेलो आणि धाकट्या मामांच्या बाजूचा दिवा पाहिला. कोरा करकरीत. त्याच्यावर याच खंडेनवमीचं हळदकुंकू. बटणाच्या कडेचा रंग बोटानं झिजून पत्रा दिसत होता. मी परत येऊन मामांना सांगितलं. म्हणजे अकरा वर्षं दोघंही रोज बटण दाबत होते, दोघंही दिवा बदलत होते, आणि दोघांनाही वाटत होतं की पलीकडचा उचलत नाही. मग त्या दिवशी तो दिवा कसा लागला? वायरमन म्हणाला, "लागणारच न्हाय सर. तुमाला भास झाला असंल." दोघांना एकदमच? तो आपला पक्कड पुसत राहिला. मी म्हणालो, बोर्डाच्या आत काही आहे का, उघडून बघ. तेव्हा ज्या माणसानं आयुष्यभर केळीचे कोंबसुद्धा गच्चीवरून तपासले, ते मामा पुढे आले आणि वायरमनचा हात धरून म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ते तपासू नको."

आता तिथे दार आहे. मामांनी आपल्या चारांपैकी दोन माग पुन्हा चालू केलेत आणि दुपारी मधल्या दारात दोन खुर्च्या टाकून दोघं भाऊ बसतात. माग चालू ठेवूनच बसतात. मी पहिल्यांदा म्हणालो, "बंद करा ना, बोलायला बरं," तर मामी हसल्या. मागावर जन्म काढलेल्या माणसांना बोलायला आवाज लागत नाही, ओठ आणि बोटं पुरतात. त्या खडखडाटात ही माणसं एकमेकांशी लहानपणापासून तशीच बोलत आली आहेत. धाकट्या मामांचे अर्धे ओठ हलतात, डाव्या हाताची बोटं हलतात, आणि मामा हसतात, मान डोलावतात, कधी रागावतात. मध्येच दोघंही एकदम गप्प होऊन छताकडे बघतात आणि कापसाची जाळी हलत असतात. काय बोलतात ते मला एक अक्षर कळत नाही. एकदा विचारलं, तर मामा म्हणाले, "अकरा वर्षांचं हाय. सरंल तवा सांगतो."

वर्तमानपत्र मामा आता वाचत नाहीत. चष्मा भावाला लागतो म्हणतात. गेल्या बुधवारी मीच आपणहून बातमी सांगितली, त्या दोन देशांचं अजून तसंच चाललंय, बसायला कुणी तयार नाही. मामांनी ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी वाकून, पूर्वीसारखं अगदी हळू, विचारलं, "तुमी मास्तर. सांगा बघू, त्या दोघांत थोरला कोण?"

मी भूगोलाचा माणूस, मला उत्तर द्यायची सवय. म्हणालो, तसं बघायला गेलं तर चीन फार जुना देश, हजारो वर्षांचा. पण शस्त्रं मोजली तर अमेरिका थोरली.

"कोण का असंना," मामा म्हणाले. "जो थोरला आसंल त्येला कुणीतरी सांगा, तू आधी बोल. धाकटा काय, त्यो वाटच बघत बसलेला असतोय." आणि ते उठून भावाच्या हनुवटीवर ओघळलेला चहा धोतराच्या सोग्यानं पुसायला गेले.